पोरी कोणासाठी बसल्या

आमच्या गावचा फुटबॉल माझ्या बांधीत होतो. बांधी म्हणजे धानाचं शेत, पाणी साचून राहावं म्हणून चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. माझ्या घरामागची ही बांधी गावात सगळ्यांत मोठी आणि सपाट, म्हणून खेळ तिथं. तिच्यात मी हलका धान लावतो, तो लवकर निघतो. दुसरे लोक कापणीआधी उभ्या धानात लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात, मी ह्या एका बांधीत फेकत नाही. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, असते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, नाटक होतं, आणि मंडईच्या दुसऱ्या दिवसापासून सामने. बघणारे धुऱ्यावर बसतात. पोरं फावड्यानं धसकटं काढतात, पण सगळी काही निघत नाहीत. पडला तो सोलून निघतो.

यंदा मी बांधी द्यायला तयार नव्हतो. रागानं नाही. भाद्रपदात बायको गेली. दुपारी तांदूळ पाखडत बसली होती, सूप हातातून सुटलं आणि ती भिंतीला टेकली. मला वाटलं झोप लागली. तेव्हापासून मला कशातच जीव लावावासा वाटत नव्हता. कापणी झाली ती मजुरांनी केली, मी धुऱ्यावर बसून राहिलो. मंडळाचे लोक बांधी मागायला आले तेव्हा मी म्हटलं, यंदा दुसरीकडं पाहा. पण नात म्हणाली, "आबाजी, द्या ना. मले खेळाचं आहे." म्हणून दिली.

नात माझ्याजवळ राहते. तिचे मायबाप गोंदियाला असतात, तिथं मुलाचं सायकलीचं दुकान आहे. पोरगी लहानपणापासून इथंच, आजीनं वाढवलेली. आता सकाळच्या एसटीनं गोरेगावला कॉलेजात जाते. फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. गावात पोरींची टीम झाली तेव्हा लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, कारण पोरांची टीम पहिल्याच सामन्यात बाद व्हायची आणि पोरी पुढं जायच्या.

बायको गेल्यावर ती मला एकटं बसू देत नव्हती. संध्याकाळी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, ती मोबाइल लोट्याला टेकवून ठेवायची आणि परदेशातले सामने लावायची. मी जेवावं म्हणून. सामना सुरू आहे तोवर ताट पुढं असायचं, हात आपोआप तोंडाकडं जायचा. मला त्यातलं फार समजत नव्हतं. कोण कोणत्या बाजूला धावतो एवढं कळायचं, आणि गवत किती हिरवं आहे ते दिसायचं.

एक दिवस सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडू एका गुडघ्यावर बसले. काळे बसले, गोरेही बसले. दोघंतिघं नाही बसले, हात मागं बांधून उभे राहिले. बघणाऱ्यांत कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी हू-हू केलं. मी विचारलं, हे काय करून राहिले. तिनं सांगितलं की तिकडं काळ्या खेळाडूंना लोक माकडासारखे आवाज काढून चिडवतात, केळी फेकतात, मोबाइलवर शिव्या लिहितात, त्याच्या विरोधात हे बसतात. मी विचारलं, मग बंद झालं का. ती म्हणाली, नाही. किती तरी दिवस बसून पाहिलं, तरी नाही. काही काळ्या खेळाडूंनीच मग बसणं सोडून दिलं. त्यांचं म्हणणं, हे आता रस्त्यातल्या देवळाला हात जोडून पुढं जाण्यासारखं झालं, कोणाला काही वाटत नाही. दुसरे म्हणतात, सोडलं तर लोक समजतील की सारं ठीक झालं. आणि काही लोक म्हणतात, खेळात हे आणूच नका, आम्ही तिकीट काढून गोल पाहायला येतो. तिकडं ह्याच्यावर मोठा वाद आहे, बसावं की नाही.

"तुमचं काय म्हननं आहे, आबाजी?"

मी म्हटलं, माझं काही म्हणणं नाही, माझे गुडघे दुखतात. ती हसली नाही.

ती का विचारते ते मला ठाऊक होतं. माझी नात काळी आहे. सावळी-बिवळी नाही, काळी. आजीवर गेली. मागच्या वर्षी सामन्यात ती गोलमध्ये उभी होती. गोलच्या मागं लगेच धुरा, धुऱ्यावर माणसं. बाकीच्या पोरी धावत असतात, त्यांच्या कानावर पडलं न पडलं. गोलकीपर एका जागी उभी राहते, तिला सारं ऐकू येतं. ऊन उतरायला लागलं तसा मागून एक जण म्हणाला, "गोलकीपर दिसून नाही राहिली गा. टार्च मारा." सारा धुरा हसला. मग तेच सुरू. टार्च मारा. दात दाखव वो, म्हणजे समजल कुठं हाये. कोणी हिंदीत, ए कोयला. आमच्याच गावचे होते, बाहेरचेही होते. आजी तिथंच होती, बायांच्या धुऱ्यावर. घरी आल्यावर नातीनं हातमोजे कोपऱ्यात फेकले. आजीनं ते उचलले, धुतले, दोरीवर वाळू घातले आणि म्हणाली, "आयकू नोको." तिच्याजवळ तेवढंच औषध होतं.

ते औषध ती स्वतः जन्मभर घेत आली होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून गावानं तिला कारी म्हटलं. आमच्या बोलीत काळीला कारी म्हणतात. तिचं नाव चांगलं होतं, बापानं हौसेनं ठेवलेलं, पण ते राशन कार्डावरच राहिलं. धानाच्या रोवण्याला बोलावणं आलं तर कारीला, हळदीकुंकवाला तर कारीला. लोक द्वेषानं म्हणत नव्हते आणि प्रेमानंही म्हणत नव्हते, नुसतं म्हणत होते. ती ओ देत होती. पण नात झाली आणि तिचा रंग दिसला, तशी ती दर रविवारी पोरीला हळद-बेसन लावून घासायची. पोरगी रडायची, कातडं जळजळायचं. मी म्हणायचो, सोलून काढते का तिला. ती म्हणायची, तुम्हाला नाही समजत. पोरगी मोठी झाली आणि तिनंच एका रविवारी आजीचा हात धरला, तेव्हा ते थांबलं.

तर मंडईच्या आठवडाभर आधी नात म्हणाली, यंदा आम्ही बसणार आहोत. शिटीच्या आधी, एका गुडघ्यावर. टीममधल्या साऱ्या तयार नव्हत्या. एकीचा बाप म्हणाला होता की पोरींनी तमाशे करायचे नाहीत. दुसरी स्वतःच म्हणाली, मला कोणी काही म्हणत नाही, मी खोटं खोटं कशाला बसू. ह्या दुसरीशी नातीचं चांगलंच वाजलं होतं. मला मात्र त्या पोरीचं बोलणं पटलं, आणि ते मी नातीला सांगितलंही. वर हेही म्हटलं की तूच सांगितलं तिकडं बसून काही झालं नाही, मग इथं काय होणार. तेव्हा ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो.

"तिकडचं मले नाही माहीत. मी आयकून आयकून थकली, आबाजी. आजीनं घासून पाहिलं, मी काही गोरी नाही झाली. आता त्याइले एकदा समजू द्या का आमाले आयकू येते. तेवढंबी नाही होत असन त मी खेळनं सोडतो आन् गोंदियाले जातो आईपाशी."

हे शेवटचं मला लागलं. मुलगाही फोनवर तेच म्हणत होता, बाबा, तिला इकडं पाठवून द्या, आता आई नाही, तुम्ही कुठवर सांभाळाल. ती गेली तर घरात मी आणि चूल. पण हे मी तिला बोललो नाही. म्हाताऱ्यानं पोरीच्या गळ्यात असं लोढणं बांधू नये.

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर दोन दिवस हाच विषय. मग मंडळाचा अध्यक्ष चार लोक घेऊन माझ्या सपरीत आला. अध्यक्ष धानाचा व्यापारी आहे, मला काकाजी म्हणतो, माणूस वाईट नाही. तेरवीला त्यानंच पंगतीत वाढलं होतं. नातीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. पण गेली नव्हती, दाराआड उभी होती, मला तिची पावलं दिसत होती.

अध्यक्ष म्हणाला, सामने मजेसाठी असतात, बाहेरगावच्या टीमा येतात, त्यांच्यासमोर हे कशाला. आणि आपल्यात कुठं गोरे-काळे? "आपुन सारेच कारे, काकाजी. उनात राबनारे. कोन कोनाले चिडवते?" सारे हसले. दुसऱ्यानं सांगितलं की गुडघा टेकवायचा तो देवापुढं, नाही तर मायबापापुढं. तिसरा म्हणाला, हे मोबाइलमधून आलेलं फॅड आहे, चार दिवसांत जाईल. चौथ्याच्या डोक्यावर केस नाहीत. तो म्हणाला, मला सारं गाव टकल्या म्हणतं, मग मी काय चौकात गुडघ्यावर बसू? ह्यावर तर चहा सांडेपर्यंत हसले. मीही हसलो, हसू आलं म्हणून.

गोंडटोल्यावरचा, म्हणजे गोंडांच्या वस्तीतला, एक जण बांधीतली धसकटं काढायला आला होता, तो अंगणात पाणी पीत होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "रंगासाठी एक गुडघा टेकवान, त आमच्या जातीसाठी काय लोटांगन घालान का?"

त्यावर कोणी हसलं नाही. तो गडवा खाली ठेवून कामाला निघून गेला. अध्यक्षानं मग चहाची बशी बाजूला सारली आणि सांगितलं की मंडळाचं ठरलं आहे. सामन्यात कोणी असलं काही केलं तर ती टीम बाद. तुम्हीच तिला समजवा, म्हणाला. मी म्हटलं, सांगून पाहतो.

सांगूनही पाहिलं. जेवताना म्हटलं, ते बाद करतील, मग तुझं खेळणं तसंही गेलं. ती म्हणाली, माहीत आहे. खरं म्हणजे मला दोन्हीकडचा कंटाळा आला होता, त्यांच्या हसण्याचाही आणि तिच्या हट्टाचाही. बायको असती तर तिनं हे मिटवलं असतं, म्हणजे पोरीला गप्प केलं असतं. मला तेवढंही करवत नव्हतं.

पहिला सामना पोरींचाच ठेवला होता, दुपार कलल्यावर. मंडईचे पाहुणे अजून गावात होते, धुरे भरून गेले होते. बांधीचा मालक म्हणून मला मंडपात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या मागंच बायांचा धुरा. पाहुणी टीम कामठ्याच्या बाजूची होती.

आमच्या गावात एक रीत आहे. सामन्यांच्या पहिल्या दिवशी, पहिली शिटी वाजायच्या आधी, वर्षभरात गावातलं जे माणूस गेलं त्याचं नाव भोंग्यावर घेतात, आणि सारे उभे राहून शांत राहतात. ज्याच्या बांधीत खेळ, त्याच्या घरचं नाव आधी. नावं घेणारा माणूस दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करतो, आवाज मोठा आणि मन हळवं. नाटकात दुसऱ्याला रडायचं असतं तेव्हा हाच आधी रडतो. मंडळानं काय ठरवलं ते त्याला ठाऊक नव्हतं, तो मंडईच्या नाटकाच्या धावपळीत होता.

टीमा उभ्या राहिल्या. रेफरीनं शिटी तोंडाला लावली. तेवढ्यात माझी नात गोलमध्ये खाली बसली. एक गुडघा धसकटात, एक वर. मग मधल्या पोरी बसल्या, एकेक करत, एकमेकींकडं पाहत. आधीच नाही म्हटलेल्या त्या दोघी उभ्याच राहिल्या. धुऱ्यावर कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष खुर्चीतून उठला.

आणि भोंगेवाल्याला वाटलं की चूक आपलीच झाली. पोरींनी श्रद्धांजली सुरूसुद्धा केली आणि आपण अजून खर्रा चघळत बसलो. त्यानं खर्रा थुंकला, माइक ओढला आणि घाईघाईनं सुरू झाला. भाइयो और बहनो, सारे उभे राहा. ज्या माउलीच्या बांधीत आपण दरवर्षी खेळतो, ती माउली यंदा आपल्यात नाही. पाहा, ह्या लेकरांनी तिच्यासाठी गुडघे टेकले. आणि त्यानं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माझ्या नावासकट. त्याचा आवाज भरून आला. खोटा नव्हता.

सारी बांधी उभी राहिली. टोप्या निघाल्या. बायांनी पदर डोक्यावर घेतले. पाहुण्या पोरींनी माना खाली घातल्या. अध्यक्ष उठलेलाच होता, त्यानं हात जोडले, आणि त्याच्या तोंडावर मला दिसलं की त्याचं ओझं उतरलं. श्रद्धांजलीला बसलेल्या टीमला कोण बाद करेल? पोरी वाचल्या. नात खेळणार, म्हणजे नात राहणार. मी नुसता उभा राहिलो असतो तर सारं पार पडत होतं. आणि तिच्यासाठी एवढी माणसं उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचं नाव मी सोडून कोणाच्या तोंडून ऐकलंही नव्हतं. माझेही डोळे भरले, कायले खोटं बोलू.

मागच्या धुऱ्यावर एक पाहुणी बाई होती. तिला ते नाव कोणाचं ते कळलं नाही. तिनं हळूच विचारलं, कोण गेलं? आमच्या गावची एक म्हातारी तिच्याजवळ उभी होती, माझ्या बायकोसोबत जन्मभर रोवणे केलेली. तिनं तितक्याच हळू, खरोखर दुःखानं सांगितलं.

"अवो, कारी. आपली कारी गेली ना."

मी गोलकडं पाहिलं. बाकीच्या पोरी गोंधळून उठल्या होत्या, सारे उभे आणि आपण बसलेल्या कशा म्हणून. नात एकटी अजून गुडघ्यावर होती. ती भोंग्याकडं पाहत होती, मग तिनं माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हती. तिनं जे करायचं ठरवलं होतं ते तिच्याकडून काढून घेऊन तिच्याच आजीच्या फोटोला हार घालावा तसं घातलं होतं, आणि त्यावर तिला काही बोलताही येत नव्हतं. आजीच्या श्रद्धांजलीला नात नाही कसं म्हणेल? ते म्हणायचं तर मीच म्हणू शकत होतो. दुसरं कोणी नाही.

मी भोंगेवाल्याजवळ गेलो. त्यानं माइक माझ्या हातात दिला, त्याला वाटलं मी आभार मानणार. मी आयुष्यात भोंग्यावर बोललो नव्हतो.

"थांबा," मी म्हटलं. "ह्या पोरी माह्या बायकोसाठी नाही बसल्या. तिची तेरवी झाली, तुमी सारे जेवून गेले. ह्या बसल्या त तुमी कारं-कोयला म्हनता म्हनून. मागच्या साली टार्च मारा म्हनत होते, ते ह्याच धुऱ्यावरून. आता माह्या बायकोचं नाव घेतलं, त मांगं विचारून राहिले कोन गेलं, आन् सांगून राहिले कारी गेली. मेल्यावरबी तेच. तिच्यासाठी उभं राहाचं काम नाही. बसा खाली."

लोक बसले. कोणी पटकन, कोणी शेजाऱ्याकडं पाहून. मागची म्हातारी बसता बसता म्हणाली, मी काय वाईट म्हटलं वो? तिला खरंच कळलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं नाही. भोंगेवाला माझ्याकडं असा पाहत होता की जसं मी त्याच्या तोंडात मारलं. त्याचा काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. मी माइक त्याच्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसलो.

बांधीत बाकीच्या पोरी नातीसोबत पुन्हा बसल्या. जिच्या बापानं तमाशे नको म्हटलं होतं, तीही ह्या वेळी बसली. दुसरी उभीच राहिली. ह्या वेळी धुऱ्यावरचं कोणी उठलं नाही. कोणासाठी बसल्या ते साऱ्यांना माहीत होतं.

अध्यक्ष माझ्याजवळ आला. रागावलेला नव्हता, दमलेला होता. "काकाजी, झालं होतं ना सारं बराबर. काऊन उकरलं?"

मी म्हटलं, बराबर नव्हतं. तो म्हणाला, आता तुम्ही साऱ्यांसमोर बोलले, मला टीम बाद करावी लागेल. मी म्हटलं, कर. मंडळाचे लोक मंडपामागं गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. तिकडून पाहुण्या टीमच्या कप्तान पोरीनं निरोप पाठवला की न खेळता जिंकलेलं आम्हाला नको, आम्ही एवढ्या दूर ट्रॅक्टरवर नुसती हाडं मोडून घ्यायला आलो नाही. शेवटी निघालं ते असं की सामना होईल, पण धरला जाणार नाही. आमच्या पोरी हरल्या काय, जिंकल्या काय, पुढं पाहुणी टीमच जाईल. आमच्याकडचा न्याय असाच असतो, कोणालाच पुरता चावत नाही.

न धरलेला सामना पाहायला लोक थांबतील असं मला वाटलं नव्हतं, पण बरेच थांबले. काही उठून गेले, मला ऐकू जाईल असं बोलत. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, बायको गेल्यापासून असाच करते. नातीनं बॉल चांगले अडवले, एक तिच्या पायाखालून गेला. तेव्हा मागून कोणी तरी बोललं. शब्द मला ऐकू आले नाहीत, हसू ऐकू आलं. मागच्या वर्षीपेक्षा थोडं होतं, पण होतं. मी उठलो नाही. एकदा उठणं झालं होतं, माझ्या अंगात दुसऱ्यांदा नव्हतं.

सामना संपल्यावर नात माझ्यासोबत धुऱ्यावरून घरी आली. पुढं ती, मागं मी. गुडघ्याला धसकट लागून रक्त आलं होतं, ते वाळलं होतं. मी विचारलं, मी बोललो ते बरं केलं का. ती चालता चालता म्हणाली, "आजीले राग आला असता."

मी म्हटलं, हो, आला असता.

"मले नाही आला," ती म्हणाली.

गोंदियाला जायचं काय, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं कॉलेजला गेली तेव्हा हातात नेहमीपेक्षा मोठी पिशवी होती. मी ती पाहिली. दिवसभर घरात बसवेना. बांधीत सामने सुरू होते, भोंगा ओरडत होता, मी तिकडंही गेलो नाही. संध्याकाळी ती परत आली, तीच पिशवी घेऊन. आत टीमचे मळके कपडे होते, धुवायची पाळी तिची होती.

सामने संपल्यावर मंडळाचे लोक गोलचे बांबू काढायला आले. अध्यक्षही होता. तो म्हणाला, काकाजी, पुढच्या साली आम्ही दुसऱ्याची बांधी पाहतो, तुम्हाला कायले तरास. मी म्हटलं, पाहा. मला तो तरास होता की नव्हता, ह्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. एका बाजूचे बांबू त्यांनी उपटले आणि दुसऱ्या बाजूला गेले. तेवढ्यात नात एसटीवरून उतरून आली. दप्तर पाठीवरच होतं.

"त्या बाजूचे राहू द्या," ती म्हणाली. "मले एकच लागते."

अध्यक्ष म्हणाला, बांबू मंडळाचे आहेत. ती म्हणाली, माहीत आहे. तो माणसांना म्हणाला, राहू द्या, चला.

आता संध्याकाळी पोरी तिथं येतात. साऱ्या येत नाहीत, काहींच्या घरून बंद झालं. जी शेवटपर्यंत उभी राहिली होती ती मात्र रोज येते. ती गोलवर बॉल मारते आणि माझी नात अडवते, आणि दोघी पूर्ण वेळ भांडतात, बसावं की बसू नये. मला चुलीपाशी ऐकू येतं. तिचं म्हणणं अजूनही तेच आहे आणि हिचंही तेच. मी वरणाला फोडणी देत असतो. मीठ मला जमत नाही, कधी जास्त होतं, कधी टाकायचंच राहतं. नात काही न बोलता जेवते. काल मात्र बोलली.

"आबाजी, हे आजीनं खाल्लं नसतं."

मी म्हटलं, तू खा.